सईला पत्र : सां-मालोला जाताना

अलिबाग,
विसर्जनानंतरचा रविवार

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "आई, व्हिसा आला" एवढं सांगून तू मीटिंगला पळालीस आणि माझं बोलणं राहून गेलं. म्हणून बसून लिहिते आहे. हा कागद पासपोर्टच्या पाकिटात ठेव.

तुझी परिषद आहे त्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या सां-मालोला मी सप्टेंबर 1998 मध्ये गेले होते. तेव्हा मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते आणि तुझा जन्म व्हायचा होता. तिथल्या समुद्राबद्दल मला तुला एक गोष्ट नीट सांगायची आहे, पण आधी वाट सांगते.

पॅरिसला शार्ल द गोल विमानतळावर उतरशील. सीमेवर आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, रांग लांबते. परिषदेचं निमंत्रणपत्र, हॉटेलचं बुकिंग आणि प्रवास विम्याचा कागद मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हाताशी ठेव. अधिकारी विचारतील तेव्हा मोबाईलची बॅटरी संपलेली असू शकते, म्हणून छापील प्रत हवीच.

सां-मालोची गाडी पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनातून सुटते. विमानतळाखालून आरईआर बी ही उपनगरी गाडी पकडायची, दांफेर-रोशरोला उतरायचं आणि तिथून मेट्रोने मोंपार्नास. विमानतळाच्या तिकिटात पुढची मेट्रोही येते, तेव्हा शेवटच्या फाटकातून बाहेर पडेपर्यंत ते सांभाळ. मेट्रोतून रेल्वेच्या फलाटापर्यंत चालणं बरंच आहे. फलाटाचा नंबर सुटण्याआधी साधारण वीस मिनिटं लागतो आणि दोन मिनिटं आधी दार बंद होतं. विमान आणि गाडी यांच्यात चार तास तरी ठेव. पॅरिसमध्ये शिरायचंच नसेल तर विमानतळाच्या दोन नंबर टर्मिनलखालूनच रेन शहराला जाणाऱ्या काही थेट टीजीव्ही, म्हणजे वेगवान गाड्या, आहेत. मी असते तर हीच गाडी घेतली असती. रेनहून सां-मालो तासाभराचं.

मोंपार्नासहून थेट गाडी सव्वादोन-अडीच तासांत पोचवते. आमच्या वेळी रेनला गाडी बदलावीच लागायची, कारण रेन ते सां-मालो मार्गाचं विद्युतीकरण 2005 साली झालं. एक लक्षात ठेव. टीजीव्हीच्या दोन गाड्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि रेनला त्या वेगळ्या होतात. चुकीच्या अर्ध्यात बसलीस तर ब्रेस्टला पोचशील. सीट नंबरच्या आधी डब्याचा नंबर बघ.

स्टेशनपासून तटबंदीच्या आतलं जुनं गाव चालत वीस मिनिटांवर आहे. आत सगळे दगडी फरसबंद रस्ते, बॅगेची चाकं खडखडतात, म्हणून पाठीवरची सॅक ने. तुमचं सभागृह, पाले द्यू ग्रां लार्ज, तटाच्या बाहेर लगेच, किल्ल्याशेजारी, अगदी समुद्रावर आहे. हॉटेल सिलोंच्या किनाऱ्याला असेल तर रोज समुद्राकडेने चालत सभागृहात येशील. त्या वाळूत ओकच्या जाड ओंडक्यांच्या रांगा रोवलेल्या दिसतील. लाटांचा जोर तोडायला एकोणिसाव्या शतकात घातलेल्या आहेत. तू किनाऱ्याच्या धुपेवर काम करतेस, तेव्हा ओहोटीला खाली उतरून त्यांना हात लावून बघच. खालचा भाग शेवाळाने काळा पडलेला असतो, आणि तो काळेपणा आपल्या डोक्याच्या वरपर्यंत जातो. पाणी कुठवर येतं ते तिथेच कळतं.

आता मुख्य गोष्ट. सां-मालोची भरती युरोपातल्या सर्वांत मोठ्या भरत्यांपैकी आहे. मोठ्या उधाणाला ओहोटी आणि भरती यांत जवळजवळ 13 मीटरचा फरक पडतो. आपल्याकडे मोठ्या उधाणालाही तो पाच मीटरच्या आसपास. आणि हे पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडं, मधल्या दोन तासांत निम्मं, शेवटी पुन्हा थोडं. 12 मीटरचं उधाण धरलं तर मधल्या दोन तासांत सहा मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर. हा हिशेब तुला माझ्याहून चांगला येतो. पण वहीत केलेला हिशेब आणि पायाखालची वाट यात फरक असतो, हे मी तिथे भोगलं.

तटासमोर ग्रां बे नावाचं छोटं बेट आहे. लेखक शातोब्रियां यांची 1848 सालची समाधी त्यावर आहे, नाव न कोरलेली, समुद्राकडे तोंड केलेली. ओहोटीला दगडी वाटेने तिथे चालत जाता येतं. आपण कुलाबा किल्ल्यात जातो ना, अगदी तसं. मी लहानपणापासून सुकती बघून कुलाब्यात गेलेली मुलगी, मला वाटलं मला समुद्र कळतो. शेवटचं व्याख्यान सोडून पाचच्या सुमारास गेले. वर वारा छान होता, गवतात बसले, समाधी पाहिली. सहाला खाली आले तर वाट नव्हती. मघाशी जिथे दगड होते तिथे पाणी होतं, आणि ते वर येताना दिसत होतं. एक फ्रेंच आजी-आजोबा तिथेच अडकले होते. आजोबा मला हातवारे करून सांगत होते की उतरू नको, ओढ आहे. आठ वाजून गेल्यावर सूर्य बुडाला. माझ्या अंगावर पातळ स्वेटर होता. आजींनी आपली शाल दोघींच्या खांद्यांवर घेतली. रात्री साडेअकराला वाट उघडी झाली आणि आम्ही एकमेकांना धरून शेवाळावरून उतरलो. तुझ्या बाबांना हे मी कित्येक वर्षं सांगितलं नव्हतं.

माझी चूक नेमकी कुठे झाली ते सांगते, म्हणजे तुझी होणार नाही. आपल्याकडे पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास लागते, संध्याकाळी सुकती. ही सवय माझ्या अंगात मुरलेली. सां-मालोला उधाणाच्या दिवसांत भरती सकाळ-संध्याकाळ आठ-नऊच्या आसपास येते आणि ओहोटी दुपारी तीनच्या सुमारास. म्हणजे परिषद सुटून पाय मोकळे करायला जायची जी वेळ, नेमकी तेव्हाच पाणी सर्वांत वेगाने चढत असतं. तुझी परिषद सर्वपित्री अमावास्येच्या आठवड्यात येते. अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी उधाण सर्वांत मोठं, आणि त्यात हा विषुवदिनाचा काळ, वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांचा.

ग्रां बे किंवा शेजारच्या फोर नासिओनालला जायचं असेल तर जेवणाच्या सुट्टीत जा आणि ओहोटीच्या क्षणाआधी परतायला लाग. फोर नासिओनाल 1689 चा, वोबां या दुर्गबांधणीकाराच्या योजनेवर उभा राहिलेला, अवश्य बघ. तिथे भरतीच्या वेळांच्या छोट्या पुस्तिका मिळतात, उतरल्या दिवशीच एक घे. त्यात वेळेशेजारी 20 ते 120 च्या मधला एक आकडा असतो, त्याला कोएफिस्यां म्हणतात. 45 च्या आसपास म्हणजे आपला भांग, लहान भरती, 95 च्या वर म्हणजे उधाण. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेव्हा पुस्तिकेतली वेळ त्या उन्हाळी घड्याळाची आहे की एक तास मिळवायचा आहे, ते दुकानदाराला विचारूनच घे. अडकलीसच तर पाण्यात उतरायचं नाही, वर थांबायचं. समुद्रावरच्या संकटासाठी 196 आणि इतर सगळ्यासाठी 112, हे दोन्ही नंबर आत्ताच फोनमध्ये टाक.

खाण्याचं. दुपारी दोनला स्वयंपाकघर बंद होतं आणि रात्री सातच्या आधी उघडत नाही. अडीचला भूक लागली तर बेकरी. तिथलं गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं घावनच. मोठ्या गोल बिडाच्या तव्यावर लाकडी दांडीने पीठ फिरवतात, कड जाळीदार सुटते, मग चारही बाजू आत दुमडून चौकोन करतात. तुझ्याबरोबरच्या शाकाहारी मैत्रिणीला सांग, 'कोंप्लेत'मध्ये हॅम असतं. 'सां जांबों' म्हटलं की ते वगळतात, अंडं आणि चीज राहतं. आणि वेळ मिळाला तर कांकालला जा, पंधरा किलोमीटरवर आहे. किनाऱ्यावरच कालवं उघडून लिंबाबरोबर देतात, खाऊन शिंपले खाली वाळूवर टाकायचे. तुझ्या आजीने ती कालवं बघितली असती तर तिथून हलली नसती. दुकानात शिरताना आधी 'बोंझूर' म्हण. न म्हणता प्रश्न विचारला की माणसं तुटक वागतात.

दिनारला गेलीस तर बसने राँस नदीवरच्या धरणावरून जा. भरती-ओहोटीवर चालणारं हे वीजकेंद्र 1966 पासून चालू आहे, 24 टर्बाइनं, 240 मेगावॉट. मी तिथे उभी राहून पाण्याचे भोवरे बघत राहिले होते.

कपड्यांत जाड विंडचीटर ने, छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही. आपल्या तीन पिनांच्या प्लगला अ‍ॅडॉप्टर लागेल. भारत तेव्हा साडेतीन तास पुढे, म्हणजे तुझ्या संध्याकाळी सहाला इथे साडेनऊ. मी जागीच असते.

पोचलीस की भरतीच्या पुस्तिकेतलं त्या आठवड्याचं पान फोटो काढून पाठव. इथे फ्रिजवर लावून ठेवते.

तुझी,
आई