मनाला कुठे रंग असतो?

बाल्टिमोर
१४ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज बसमध्ये ऐकला. तिथल्या तिथे भांडायचा मोह आवरला आणि आता निवांत लिहायला बसले आहे. "तुम्ही अमेरिकेतले लोक समुपदेशनातसुद्धा गोरं-काळं घुसडता. दुःख सगळ्यांचं सारखंच, मनाला कुठे रंग असतो?" हे तुझं वाक्य व्यासपीठावर टाळ्या घेईल. सेशनमध्ये मात्र ते समोरच्याचं तोंड बंद करतं.

ओळख लागू नये इतपत तपशील बदलून एका क्लायंटबद्दल सांगते. पन्नाशीकडे झुकलेले काळे गृहस्थ, नोकरीच्या ठिकाणाहून पाठवलेले. सोबतच्या कागदावर लिहिलेलं: चिडखोर, संशयी, सहकार्य करत नाहीत. सुरुवातीला ते झोप, पाठदुखी, मुलीचं कॉलेज यापलीकडे जाईनात. सगळं अगदी सौजन्याने. एकदा मी सरळ विचारलं, "मी भारतीय आहे, काळी नाही. कामावर तुमच्याशी जे वागतात त्यात रंगाचा काही भाग आहे असं वाटतं का? माझ्याजवळ ते बोलणं अवघड जाईल का? नको असेल तर आज राहू दे." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. म्हणाले, "आधीच्या बाईंनी श्वासाचे व्यायाम दिले होते. चांगले होते. पण हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि मी आपणहून काढलं असतं तर तेही माझ्या फाइलमध्ये गेलं असतं."

मग ते बोलत गेले. दुकानातून साधं च्युइंग गम घेतलं तरी दाराबाहेर पडेपर्यंत पावती हातात धरतात, कोणी अडवलंच तर पटकन दाखवता यावी म्हणून. मुलीलाही तेच शिकवलंय. आता मला सांग, हा संशयी स्वभाव, की आयुष्यभराच्या अनुभवाने आलेली सावधगिरी? आणि कागदावर लिहिलेलं खरं मानून मी 'संशय' कमी करायला घेतला असता, तर तो माणूस पुन्हा आला असता का?

असा विषय समुपदेशकाने आपणहून काढण्याला इकडे 'ब्रोचिंग' म्हणतात. नॉर्मा डे-व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून हा शब्द आमच्या शिक्षणात रुळला. पुढाकार आपण घ्यायचा, कारण निदान आपण लिहितो, नोंदी आपल्याकडे राहतात. क्लायंट बिचारा चाचपत असतो, या बाईला हे झेपेल का, ही मलाच समजावत बसेल का. खोलीत दोघांनाही जे दिसतंय त्याबद्दल गप्प राहणं म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं झालं.

आणि त्यांचा अविश्वास हवेतून आलेला नाही, सुहास. आपल्या व्यवसायाचं जुनं दप्तर उघडून बघ. १८४० च्या अमेरिकन जनगणनेत असं निघालं की उत्तरेतल्या स्वतंत्र काळ्यांमध्ये वेडाचं प्रमाण दक्षिणेतल्या गुलामांपेक्षा कितीतरी पट आहे. म्हणजे स्वातंत्र्य यांना मानवत नाही! गुलामीच्या समर्थकांनी ते आकडे मिरवले. परराष्ट्रमंत्री जॉन कॅल्हूनसुद्धा त्यांत होते. मॅसॅच्युसेट्सच्या एडवर्ड जार्व्हिस या डॉक्टरने ते तपासले तर काय, ज्या गावांत एकही काळा माणूस राहत नव्हता तिथे काळे वेडे नोंदवलेले. वूस्टरमध्ये दाखवलेले १३३ जण प्रत्यक्षात तिथल्या सरकारी मनोरुग्णालयातले गोरे रुग्ण निघाले. चूक उघड झाली तरी जनगणना काही दुरुस्त झाली नाही. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने तर गुलामांच्या पळून जाण्यालाच आजार ठरवलं, 'ड्रेपटोमेनिया' असं भारदस्त नाव दिलं आणि उपाय म्हणून चाबूक सुचवला. फार जुनं वाटतं? मग हॅल्डॉल या मनोविकारावरच्या औषधाची १९७४ ची जाहिरात शोध. मानसोपचाराच्या मोठ्या नियतकालिकात छापलेली. मूठ आवळलेला, संतापलेला काळा माणूस, आणि मजकूर असा की सहकार्याची सुरुवात या औषधाने होते.

माझ्या क्लायंटच्या कागदावरही 'सहकार्य' हाच शब्द होता.

उलट बाजूची माणसंही होती. १९४६ मध्ये हार्लेममधल्या एका चर्चच्या तळघरात लाफार्ग क्लिनिक सुरू झालं. संध्याकाळी चालायचं, फी पंचवीस सेंट. काळ्यांना मानसोपचार मिळणं दुर्मीळ होतं त्या काळात. पण आजही दार सारखं उघडत नाही. हेदर कुगलमास या संशोधिकेने न्यूयॉर्कमधल्या ३२० थेरपिस्टना भेटीची वेळ मागणारे व्हॉइसमेल धाडले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. मध्यमवर्गीय गोऱ्या वाटणाऱ्या आवाजांपैकी २८ टक्क्यांना भेट देऊ केली गेली, मध्यमवर्गीय काळ्या वाटणाऱ्या आवाजांपैकी १७ टक्क्यांना. विमा दोघांचाही सारखाच! फोनवर तर चेहराही दिसत नव्हता. २०२१ मध्ये इथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या आणि मानसशास्त्रज्ञांच्या दोन्ही राष्ट्रीय संघटनांनी वर्णभेदाला हातभार लावल्याबद्दल जाहीर माफी मागितली. मागितली ते बरंच केलं.

तुझी एक तक्रार मात्र मला मान्य आहे. 'विविधता प्रशिक्षण' नावाचा जो प्रकार चालतो, दिवसभर स्लाइड, मधे सँडविच, शेवटी प्रमाणपत्र, त्याने कोणाचं भलं होत असेल तर आयोजकाचं. आणि काही समुपदेशक असे उत्साही की प्रत्येक वाक्यात वर्णभेद शोधतात; मग क्लायंटला घटस्फोटाबद्दल बोलायचं असतं ते राहूनच जातं. विचारायचं, आणि "आज नको" म्हटलं तर निमूट थांबायचं. एवढं जमलं तरी पुष्कळ.

"आमच्याकडे हा प्रश्नच नाही" असंही तू म्हणालास. अरे, तू सदाशिव पेठेत बसतोस! स्पर्धा परीक्षेची मुलं तुझ्याकडे येतात, त्यातली काही फक्त पहिलं नाव सांगतात, आडनाव विचारलं की खाली बघतात, असं तूच मला मे महिन्यात सांगितलं होतंस. वंश आणि जात एकच नव्हेत, मला माहीत आहे. इथला इतिहास तिथे चिकटवायचा नाहीये. पण रूममेटने भांडी वेगळी ठेवली म्हणून झोप उडालेल्या मुलाला तू 'परीक्षेचा ताण' एवढंच लिहिलंस, तर तो कशाला उघडेल तोंड? आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात भेदभावाविना उपचारांचा हक्क देताना जातीचा नावानिशी उल्लेख आहे. कायदा करणाऱ्यांना सुचलं, मग आपल्याला विचारताना एवढं कानकोंडं का होतं?

डिसेंबरात पुण्यात येतेय. नव्या क्लायंटकडून भरून घेतोस तो तुझा इनटेक फॉर्म काढून ठेव. आडनावाचा रकाना पहिल्याच ओळीत आहे ना, तिथूनच भांडायला सुरुवात करू. काकूंना नमस्कार, आणि खरवस मिळतो का बघ.

तुझी,
अनघा