कंप्रेसर नुसता ठेवू नका, बसवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गणेशमूर्तींच्या धंद्याबद्दल आपल्या दैनिकात वर्षभर काही ना काही येत असते. शाडू की पीओपी, मातीचे वाढलेले भाव, कारागिरांची चणचण, परदेशी रवाना होणाऱ्या मूर्ती. हे सगळे यायलाच हवे. पण पेण, हमरापूर, जोहे, कळवे या भागात घराघरांत जे कारखाने चालतात, तिथल्या एका यंत्राबद्दल मी आजवर एक ओळही वाचलेली नाही. ते यंत्र म्हणजे रंगाच्या गनला हवा पुरवणारा कंप्रेसर. मी याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर होतो. पंप, ब्लोअर, कंप्रेसर हेच माझे काम. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे मूर्तिकार मशीनची काही तक्रार असली की बोलावतात आणि मी पान्यांची पिशवी घेऊन जातो. तिथे जे दिसते ते फार काळजीचे आहे, म्हणून हे पत्र.

नवा कंप्रेसर येतो तेव्हा टेम्पोतून उतरवून जिथे जागा दिसेल तिथे टेकवतात. जिन्याखाली, पडवीच्या कोपऱ्यात, कधी थेट पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर. वायरमन वायर जोडतो, गन लागते, काम सुरू. चार दिवसांनी मशीन जागेवरून सरकायला लागते, की मग त्याच्याखाली गोणपाट, लाकडी ठोकळे किंवा स्कूटरचा जुना टायर येतो. दोन हॉर्सपॉवरचे, १६० लीटर टाकीचे, पट्ट्यावर चालणारे मशीन वजनाला शंभर किलोच्या वर भरते. त्यातले जड ते सगळे, म्हणजे मोटर आणि हेड (हवा दाबणारा पिस्टनचा पंप), टाकीच्या डोक्यावर. खाली पाय मात्र अरुंद. पिस्टन वरखाली होताना प्रत्येक फेऱ्याला मशीनला हबका देतो. फ्लायव्हीलमधले, म्हणजे पट्टा फिरवतो त्या जड चाकातले, वजन त्यातला काही भागच खाऊन टाकते, सगळा नाही. एका सिलिंडरच्या मशीनला हा हबका सर्वांत जास्त. मिनिटाला सात-आठशे हबके, तेही दिवसभर. असले यंत्र ठोकळ्यांवर उभे करून त्याच्या शेजारी माणसे कामाला बसवायची, हे मला पाहवत नाही.

मूर्तींच्या कारखान्यात याचा त्रास दुहेरी आहे. एक तर मांडण्या. बांबूच्या आणि फळ्यांच्या मांडण्यांवर मूर्ती खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. शाडूची मूर्ती सुकत असताना तिला सततची थरथर सोसत नाही. जोड दिलेला हात, सोंडेचे वळण, कानाची पाळी, तडे इथूनच जातात. दोष मातीला दिला जातो, पण फरशीवर तळहात ठेवून कोणी बघत नाही. दुसरे म्हणजे आखणी. आमच्या आळीतल्या एका वहिनींचा डोळ्यांच्या आखणीत हात धरणारे कोणी नाही. त्या मला म्हणाल्या, "भावजी, मशीन सुरू झालं की ब्रश उचलूनच धरावा लागतो. टाकी भरून बंद पडेपर्यंत बसून राहायचं." मी त्यांच्या पाटाशेजारी फरशीवर पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी ठेवली. पलीकडच्या खोलीत मशीन सुरू होताच वाटीत गोल गोल लाटा उठल्या आणि मशीन थांबेपर्यंत थांबल्या नाहीत. दोन खोल्यांची फरशी एकच, मधल्या भिंतीचा पाया तोच, मग दुसरे काय होणार?

यावर काही जण उलट्या टोकाला जातात. कोब्यात चार भोके पाडायची, अँकर बोल्ट ठोकायचे आणि मशीनचे पाय करकचून आवळून टाकायचे. मशीन हलायचे थांबते आणि सगळ्यांना वाटते की काम फत्ते झाले. खरा धोका इथून सुरू होतो. घरची जमीन कधीच चोख सपाट नसते. चारांपैकी एक पाय दोन-तीन मिलिमीटर अधांतरी राहतो आणि नट आवळला की तो जबरदस्तीने खाली ओढला जातो. त्याचा ताण पाय टाकीला जिथे वेल्ड केला आहे तिथे कायमचा बसतो. त्यात वरून हबके. जो धक्का मशीन हलून निघून जात होता, तो आता वेल्डमध्ये जिरतो. महिनोन्महिने असे चालले की वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर धरते. मागच्या वर्षी एका मूर्तिकाराने बोलावले, तक्रार एवढीच की रात्री भरून ठेवलेली हवा सकाळपर्यंत उतरते. नळ्या, कॉक, व्हॉल्व्ह, सगळे ठाकठीक. मग मी साबणाचे पाणी घेऊन टाकीच्या पोटाखाली आडवा झालो. मागच्या डाव्या पायाच्या वेल्डवर ब्रश फिरवला आणि तिथे बारीक मोहरीएवढे बुडबुडे एका ओळीत फुगून आले. टाकी तिथल्या तिथे रिकामी करायला लावली. ती पुन्हा भरू दिली नाही.

अशा टाकीवर वरून वेल्डिंग मारून काम चालवणारे आहेत, म्हणून आत केवढे बळ कोंडलेले असते ते सांगतो. टाकी १२ इंच व्यासाची धरली तरी तिच्या एका तोंडाचे क्षेत्रफळ ७०० चौरस सेंटीमीटरच्या वर जाते. आत ८ किलोचा दाब असला, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ८ किलो, की त्या एका तोंडावर साडेपाच टनांहून जास्त रेटा असतो. हे बळ घराच्या पडवीत, मुले खेळतात तिथे उभे आहे. चीर गेलेली टाकी बाद करायची. ती डागडुजीची वस्तू नाही.

मग बसवायचे कसे? आधी जागा. जमिनीवर, तळमजल्याला, आणि जमल्यास घराच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याच्या छपराखाली. तिथे मशीनपुरता स्वतंत्र ओटा भरावा. चार फूट लांब, दोन फूट रुंद, नऊ इंच जाड असा काँक्रीटचा ओटा चारशे किलोच्या आसपास होतो, म्हणजे मशीनच्या तिप्पट. मशीन हबका देईल, पण एवढे वजन त्याला दाद देत नाही. ओटा आणि बाजूची फरशी यांच्यात चारही बाजूंनी अर्धा इंच फट ठेवावी आणि ओटा भरतानाच तिथे थर्माकोलची पट्टी उभी करावी. गवंडी ही पट्टी हमखास टाळतो, "काय गरज आहे?" म्हणतो. त्याला ऐकवून घालायलाच लावा, कारण थरथर फरशीत शिरते ती याच सांध्यातून.

ओटा पक्का झाला की मशीनची चाके काढून ते चार पायांवर ठेवावे आणि समोरासमोरचे कोपरे दाबून पाहावेत. डुलले तर कोणता पाय अधांतरी आहे ते कळते. त्याच्याखाली लोखंडी पत्र्याचे तुकडे घालून फट भरावी. लाकडी पाचर चालत नाही, ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. मग प्रत्येक पायाखाली खाचांचे रबरी पॅड, १५ ते २० मिलिमीटर जाडीचे. फोम नको, टायर नको. फार मऊ वस्तूवर मशीन सुरू होताना आणि थांबताना झोकांड्या खाते आणि त्या झोकांड्या पाइपाला मारतात.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि जवळजवळ प्रत्येक ठिकाणी चुकलेले दिसते ते. रबर घालून वरून बोल्ट करकचून आवळला तर रबर असून नसल्यासारखे होते. थरथर बोल्टाच्या लोखंडातून सरळ खाली जाते. म्हणून पायाच्या वरच्या बाजूलाही रबरी चकती हवी, तिच्यावर मोठी लोखंडी चकती आणि मग नट. रबर किंचित दबले की थांबायचे. त्यावर दुसरा नट घेऊन पहिल्याला कुलूप घालायचे, म्हणजे तो हलून सैल होत नाही. बोल्ट पायाच्या भोकाच्या कडेला टेकता कामा नये, भोवती जागा हवी. बोल्टाचे काम मशीनला जागा सोडू न देण्याचे आणि कलंडू न देण्याचे आहे. वजन पेलणे आणि हबका खाणे हे रबराकडे राहू द्यावे. हे सगळे झाल्यावर पुन्हा ती पाण्याची वाटी बाजूच्या फरशीवर ठेवून बघा. त्या वहिनींच्या घरी असे बसवल्यावर वाटीतले पाणी शांत राहिले.

बसवताना टाकीखालच्या ड्रेन कॉकचा, म्हणजे साचलेले पाणी काढायच्या तोटीचा, विचार कोणी करत नाही. पायांची उंची एवढी हवी की तिथे हात जाऊन खाली भांडे मावले पाहिजे. आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत दर घनमीटरला २५ ते ३० ग्रॅम वाफ असते. ती हवा आठ-नऊ पट दाबली आणि थंड झाली की तीन-चार ग्रॅमच वाफ हवेत तगते, उरलेल्याचे पाणी होते. दोन हॉर्सपॉवरचे मशीन तासभर अखंड चालले तर दहा-बारा घनमीटर हवा ओढते, म्हणजे तासाला पाव लीटरच्या आसपास पाणी. ते थोडे गनमधून मूर्तीवर उडते आणि रंगावर डाग पडतात. बाकीचे टाकीच्या तळाशी साचून पत्रा आतून खाते. बाहेरून टाकी नवीकोरी दिसते. रोज काम संपल्यावर कॉक उघडून पाणी काढलेच पाहिजे. ओट्यावर मशीन बसवताना कॉकच्या बाजूला अगदी किंचित उतार ठेवला तर पाणी तिकडे गोळा होते. किंचित म्हणजे पाणसळीचा बुडबुडा जरासा सरकेल इतकाच, कारण जास्त कलले तर हेडमधले तेल एका बाजूला जाते.

टाकीतून निघणारी लाइन भिंतीवरच्या पाइपाला थेट जोडू नका. मध्ये हात-दीड हात रबरी होज हवाच, नाहीतर मशीनला कितीही रबरावर बसवा, ते भिंत हलवणार आणि पाइपाच्या आट्या तोडणार. आणि नळाच्या कामातले पीव्हीसी पाइप हवेसाठी वापरणे ताबडतोब थांबवा. पाण्याच्या दाबाने तो पाइप फुटला तर गळतो. हवेने फुटला तर त्याचे तुकडे होऊन अंगावर येतात. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप महाग पडतो हे मला मान्य आहे. तरीही.

रंगाच्या खोलीत कंप्रेसर नको हे मी बाहेरच्या छपराबद्दल बोलताना सुचवलेच, पण कारणे स्पष्ट सांगतो. टाकीतल्या दाबाप्रमाणे मोटर चालू-बंद करणारा प्रेशर स्विच दर वेळी उघडझाप करताना आत ठिणगी पडते आणि थिनरची वाफ त्याच खोलीत भरलेली असते. शिवाय पीओपीची पूड फिल्टरमध्ये बसते. आवाज कमी व्हावा म्हणून काही जण मशीनला प्लायवुडच्या पेटीत कोंडतात, तेही चुकीचे. फ्लायव्हीलच्या पात्यांचा वारा हेडला थंड ठेवतो, त्यासाठी ती बाजू भिंतीपासून फूट-दीड फूट मोकळी लागते. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे. शेवटच्या महिन्यात कारखाने रात्रभर जागतात, शेजारीही आपलेच असतात, तक्रार करत नाहीत. पण तान्ह्या मुलाच्या आणि आजारी माणसाच्या कानांना ते कळत नाही. वेगळ्या ओट्यावर रबरात बसलेल्या मशीनचा घुमणारा आवाज तरी शेजारच्या भिंतीतून जात नाही.

जुन्या फ्रिजचा कंप्रेसर आणि गॅसचा रिकामा सिलिंडर जोडून घरी बनवलेले मशीनही मी पाहिले आहे. ना दाब वाढला की हवा सोडणारा धड सेफ्टी व्हॉल्व्ह, ना पाणी काढायला कॉक. बनवणारी मुले हुशार आहेत, मोबाइलवर बघून करतात. त्यांना माझे कळकळीने सांगणे आहे की ते मोडीत काढा आणि हवी असेल तेवढी माझी मदत मागा.

मोठ्या कारखान्यांना १९४८ च्या कारखाने कायद्यापासून दाबाच्या टाक्यांसाठी नियम आहेत. सक्षम व्यक्तीकडून मुदतीत तपासणी आणि तिची नोंद, यात आमची अख्खी नोकरी गेली. घरातल्या कारखान्यात तपासायला कोणी येत नाही. मूर्तिकारांच्या संघटनांनी आणि जिल्ह्यातल्या आयटीआयच्या निदेशकांनी मिळून हंगामाआधी एक फेरी मारावी, फिटरची शिकाऊ मुले सोबत घ्यावीत. टाकीचे पाय, सेफ्टी व्हॉल्व्ह, ड्रेन कॉक आणि अर्थिंग एवढे पाहायला एका घरी अर्धा तास पुरतो. विक्रेत्यांनीही मशीनसोबत चार रबरी पॅड आणि बसवण्याच्या सूचनांचा मराठी कागद द्यायला काय हरकत आहे? लाखांचा धंदा करून देणाऱ्या गिऱ्हाइकासाठी एवढे व्हायला हवे.

गुढीपाडवा नुकताच झाला आहे. ओटा भरून, त्यावर आठवडाभर पाणी मारून, आणखी काही दिवस थांबून मशीन चढवायला दोन-तीन आठवडे लागतात. आषाढ लागला की कोणीही मूर्तिकार एक दिवससुद्धा कंप्रेसर बंद ठेवायला तयार होणार नाही आणि त्यांचेही बरोबरच आहे. म्हणून हे पत्र शक्य झाल्यास याच आठवड्यात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स फिटर,
पेण, जि. रायगड