माहेरचे आडनाव विचारणाऱ्या मास्तरांना

आदरणीय मास्तर,

सप्रेम नमस्कार.

निवृत्त होऊन इतकी वर्षे लोटली तरी आयर्लंडच्या काउंटी क्लेअरमधल्या तुमच्या गावात सगळे तुम्हाला 'द मास्टर' म्हणतात, आणि वाईजवळच्या माझ्या माहेरीही शाळेच्या शिक्षकाला मास्तरच म्हणतात. त्यामुळे तुम्हाला काय म्हणून हाक मारावी हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासूनच पडला नाही. हे पत्र मी मराठीत लिहीत आहे. माझी लेक ते तुम्हाला इंग्रजीतून वाचून दाखवीलच, पण तुम्ही आमच्यासाठी काय केलेत हे माझ्या माहेरच्या माणसांना आणि इतर मराठी वाचकांनाही कळावे, अशी माझी इच्छा आहे.

सुरुवात लेकीच्या शाळेतल्या वंशवृक्षापासून झाली. माझ्या बाजूच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीतून भावाने एका दुपारी उतरवून पाठवल्या. माझ्या नवऱ्याच्या बाजूला मात्र सासूबाईंच्या आजोबांपाशी सगळे थांबत होते. त्यांचे नाव, ते राहत होते त्या टाउनलँडचे नाव आणि स्मशानभूमीतली घराण्याची जागा, एवढेच सासूबाईंना ठाऊक होते. (टाउनलँड म्हणजे साधारण आपल्याकडच्या वाडीएवढा भूभाग, आयर्लंडमध्ये असे 60,000 हून अधिक आहेत, आणि तो कळल्याशिवाय इथे कोणाचाच पूर्वज सापडत नाही.) सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस जवळ आला होता, आणि त्याआधी त्यांच्या आजोबांचे आई-वडील शोधून काढायचे असे मी मनाशी ठरवले.

आयर्लंडचे जुने दफ्तर किती फाटके आहे हे तुम्हाला मी सांगणे म्हणजे काशीस गंगा विकणे. पण वाचकांसाठी थोडे सांगते. 1821 ते 1851 या काळातल्या चार जनगणनांची बहुतेक सगळी कागदपत्रे 30 जून 1922 रोजी, यादवी युद्धात डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत झालेल्या स्फोटात आणि आगीत नष्ट झाली. 1861 आणि 1871 च्या याद्या सरकारने त्याआधीच नष्ट केल्या होत्या, आणि 1881 व 1891 च्या याद्या पहिल्या महायुद्धात कागदाच्या टंचाईपायी लगद्यात गेल्या. म्हणजे संपूर्ण देशाची घरोघरची नोंद मिळते ती 1901 आणि 1911 चीच. जन्म, मृत्यू आणि कॅथलिक विवाहांची सरकारी नोंद 1864 मध्ये सुरू झाली. त्यामागे जायचे तर हाती उरतात चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या, जमीन मोजणीची पुस्तके आणि स्मशानातले दगड.

आता माझ्या चुकीबद्दल. 1911 च्या जनगणनेत आजोबांचे वय 70 लिहिलेले होते. मी 70 वजा केले, 1841 हे साल काढले, आणि नॅशनल लायब्ररीने 2015 मध्ये सर्वांसाठी मोफत खुल्या केलेल्या चर्चच्या वह्यांत त्याच परगण्यात, त्याच वर्षी, त्याच नावाच्या बाळाचा बाप्तिस्मा मला सापडलाही. वडिलांचे नाव आजोबांच्या लग्नाच्या दाखल्याशी जुळत होते. मग थांबायचे कशाला? मी मोठा तक्ता छापून घेतला, त्याला शिसवी रंगाची चौकट बसवली, आणि केवळ शोभेसाठी म्हणून स्मशानभूमीतल्या घराण्याच्या थडग्यावरच्या दगडाचा एक स्वच्छ फोटो काढावा या हेतूने ऑक्टोबरमधल्या एका दुपारी तुमच्या गावी आले.

माझ्या पिशवीत तारेचा ब्रश होता. दगडाच्या वरच्या अर्ध्या भागावर राखी-पिवळे दगडफूल पसरलेले होते, गोडा मसाल्यातल्या दगडफुलाचेच भावंड, आणि मी ते खरवडायला ब्रश टेकवते न टेकवते तोच तुम्ही पलीकडच्या भिंतीजवळून, हातात छाटणीची कात्री घेऊन, जवळजवळ धावत आलात. रागावला नाहीत. 'एवढ्या वर्षांत पावसाने जे केले नाही ते तुम्ही पाच मिनिटांत कराल,' असे म्हणून ब्रश माझ्या हातून काढून घेतलात. तार घासली, खडू लावला किंवा रसायन ओतले की चुनखडीचा पृष्ठभाग सुटतो आणि त्याबरोबर अक्षरेही जातात, हे मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. नंतर तुम्ही अंगातला कोट काढून दगडावर छपरासारखा धरायला मला सांगितलेत, आणि बॅटरी दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरलीत. समोरून प्रकाश टाकला असता सपाट दिसणाऱ्या त्या दगडावर प्रत्येक खोदलेल्या रेषेत सावली भरली आणि ओळी वर आल्या. हा दगड आजोबांनीच आपल्या आई-वडिलांच्या स्मरणार्थ उभारला होता; टाउनलँडचे नाव होते, वडिलांचे नाव होते, आणि आईच्या नावापुढे 'एलियास' हा शब्द होता. आपल्याकडे पोलिसांच्या यादीत शोभणारा हा 'ऊर्फ' इथल्या जुन्या थडग्यांवर 'पूर्वाश्रमीची' या अर्थाने येतो, हे तुम्हीच सांगितलेत. त्यापुढे तिचे माहेरचे आडनाव होते.

'तुमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईचे माहेरचे आडनाव काय आहे?' तुम्ही विचारलेत.

मी फोन काढून पाहिले. ते वेगळे होते.

त्या क्षणी मला चौकटीवर खर्च केलेले पैसे आठवले, हे खोटे कशाला बोलू? तुम्ही मात्र मला तुमच्या स्वयंपाकघरात नेऊन चहा दिलात आणि जमीन मोजणीची, म्हणजे ग्रिफिथच्या मूल्यांकनाची, 1855 ची क्लेअरची पाने समोर ठेवलीत. त्याच आडनावाची दोन घरे शेजारशेजारच्या दोन टाउनलँडमध्ये होती, आणि दोन्ही घरांतल्या कुळांचे, म्हणजे जमीन कसणाऱ्यांचे, नाव एकच. मोजणीदारांनी गोंधळ टाळण्यासाठी एकाच्या नावापुढे कंसात त्याच्या बापाचे नाव लिहिले होते. आपले मधले नाव असते तसेच! मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. दोन्ही घरांत मुलाचेही नाव तेच कसे, याचे उत्तर तुम्ही बोटांवर मोजून दिलेत: थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. रीत अशी, नावे मोजकी. मग एका घरातला थोरला आणि शेजारच्या घरातला धाकटा एकाच नावाचे निघाले तर नवल ते काय?

आणि ते वय! 1901 च्या जनगणनेत आजोबा 52 वर्षांचे होते, दहा वर्षांनी 70 चे झाले. मी 1901 चा आकडा लिहिणाऱ्याची चूक समजून सोडून दिला होता. तुम्ही हसलात आणि म्हणालात की 1909 च्या जानेवारीपासून सत्तरी गाठलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागले आणि त्यानंतर अर्धे आयर्लंड घाईने म्हातारे झाले. 1864 पूर्वी जन्मलेल्यांकडे जन्माचा सरकारी दाखला नव्हता, तेव्हा त्यांचे म्हणणे खोडून काढणेही सोपे नव्हते. वयाचा पुरावा म्हणून 1841 आणि 1851 च्या याद्या धुंडाळण्यासाठी जे अर्ज आले, ते अर्ज याद्या जळूनही शिल्लक आहेत. तेही तुम्ही मला पाहायला लावलेत, पण तिथे आमचे काही निघाले नाही. खरी नोंद सापडली ती 1847 च्या बाप्तिस्म्यांत, आयर्लंडमधल्या बटाट्याच्या दुष्काळाच्या सर्वांत वाईट वर्षात, आणि तिथे आईचे माहेरचे आडनाव दगडावरचेच होते. तिचे नाव पाद्रीबाबांनी लॅटिनमध्ये 'होनोरिया' लिहिले होते. सासूबाईंच्या आत्याचे नाव नोरा, हे दोन्ही एकच, हेही तुम्हीच सांगितलेत.

परतताना तुम्ही मला भिंतीलगतच्या त्या ओबडधोबड, एकही अक्षर नसलेल्या दगडांच्या रांगेजवळ नेलेत. दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाट्याला असा दगडसुद्धा आला नाही, एवढेच बोलून तुम्ही पुढे चालू लागलात. आमच्या घराण्याचा दगड कोरलेला होता, हे नशीब. मी तोपर्यंत त्याला शोभेची वस्तू समजत होते.

मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते त्या एका प्रश्नाबद्दल. आमच्या घराण्याच्या चोपडीतल्या सात पिढ्यांत पुरुषांची नावे ओळीने आहेत. बायका आहेत त्या केवळ 'भार्या' म्हणून, आणि एकीचेही माहेर तिथे लिहिलेले नाही. तुमच्याकडच्या चर्चच्या वहीत आईचे माहेरचे आडनाव असते, तेही सासरच्या नावात न बुडवता. त्या एका आडनावावरून तुम्ही माझा चुकीचा पूर्वज उचलून बाजूला ठेवलात आणि खरा जागेवर आणलात. आता मी आईला फोन करून तिच्या आजीचे, पणजीचे माहेर विचारते आहे. तिला पणजीचे गाव आठवते, आडनाव आठवत नाही. परवा तिने त्यासाठी कराडच्या मावशीला फोन लावला.

सासूबाईंना वाढदिवसाला नवा तक्ता दिला. त्यांनी चष्मा लावून होनोरियाचे नाव दोनदा वाचले, मग आडनाव मोठ्याने उच्चारले, आणि त्या आडनावाची माणसे एनिसच्या बाजारात आपल्या वडिलांना हाक मारून थांबवत असत, ती का, हे आज कळले, असे म्हणाल्या.

जुना तक्ता मी फाडणार होते. 'फाडू नका, तो कोणाचा तरी खरा आहे,' असे तुम्ही म्हणाला होता, म्हणून तो गुंडाळून कपाटामागे ठेवला आहे. शेजारच्या टाउनलँडमधल्या त्या दुसऱ्या घराची माणसे तुमच्या माहितीत असतील तर ईस्टरला येताना मी तो घेऊन येईन. चौकट मात्र नव्या तक्त्याला लागली आहे. तारेचा ब्रश तुमच्याकडेच राहू द्यावा.

आपली नम्र,
सासूबाईंची लिमरिकची सून