तांदूळ विकत न घेणारा मंत्री

महोदय,

जपानमध्ये मे २०२५ मध्ये ५ किलो तांदळाला ४,००० येनांहून जास्त मोजावे लागत होते, वर्षभरापूर्वीच्या जवळपास दुप्पट. अशा वेळी कृषिमंत्री ताकू एतो भाषणात बोलून गेले की, मला तांदूळ विकत घ्यावा लागत नाही, समर्थकच देतात. घरोघरी भाताचा हिशेब लावणारे लोक भडकले आणि काही दिवसांतच एतोंना पायउतार व्हावे लागले.

सत्ताधारी पक्षातल्या गटांचा बेहिशेबी निधीही मतदार विसरले नव्हते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सत्ताधारी आघाडीने कनिष्ठ सभागृहातले बहुमत गमावले, जुलै २०२५ मध्ये वरिष्ठ सभागृहातलेही. जपानी माणूस राजकारणाबाबत गप्प असतो, हा समज मला तरी आता पटत नाही.

– एक वाचक, पुणे