30,000 किलोमीटरनंतर, रामबागेतल्या काकांना

ती. काका,
सा. न. वि. वि.

काल संध्याकाळी महूहून परतताना इंदूरजवळच्या राऊच्या चौकात माझ्या एक्सपल्स मोटरसायकलच्या मीटरवर 30,000 दिसले. घरी आल्यावर आधी ती निळी वही काढली. पहिल्या पानावर तुमच्या अक्षरातली ओळ अजून तशीच आहे: ‘चेन – माणसं बसवून बघणे.’ तुम्हाला तोंडावर आभार मानलेले आवडत नाहीत. एकदा जिलबीचा पुडा आणला होता, तर त्यातली निम्मी तुम्ही आमच्याच घरी परत पाठवलीत. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तो दिवस मला लख्ख आठवतो. शाळेतून आले, गाडी गल्लीत वळवली आणि ओट्यावरून तुम्ही विचारलंत, “बेटा, चेन कोणी ताणली?” आदल्याच दिवशी एका वर्कशॉपमधून सर्व्हिसिंग करून आणली होती. चेन खडखडते, घट्ट करून द्या, असं मीच तिथे सांगितलं होतं. नुसत्या घरघरीवरून तुम्ही ते कसं ओळखलंत, तेव्हा कळलं नाही.

तुम्ही काही समजावून सांगत बसला नाहीत. स्वतः गाडीवर बसलात, मागे माझ्या भाच्याला बसवलंत आणि त्याच्यामागे दूध घालायला आलेल्या भैयांना. मला म्हणालात, आता खाली बस आणि चेनला बोट लाव. मी बोट लावलं. चेन तारेसारखी ताठ, कणभर हलेना. तिघेही उतरले आणि तीच चेन बोटाने वर-खाली झाली.

मग खडूने ओट्यावर तीन ठिपके काढलेत. पुढचं स्प्रॉकेट (चेन ज्यावर फिरते ते दात्यांचं चाक), स्विंगआर्मचा पिव्होट (मागचं चाक धरणारा दांडा जिथे गाडीला जोडलेला असतो तो सांधा) आणि मागचा एक्सल, म्हणजे मागच्या चाकाचा आस. गाडी दबताना हे तिन्ही एका रेषेत आले की पुढच्या-मागच्या स्प्रॉकेटमधलं अंतर सर्वांत जास्त होतं, आणि चेन तर तेवढीच राहते. या गाडीचं मागचं चाक 170 मिलिमीटर वर-खाली होतं, रोजच्या साध्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त. म्हणून उभ्या गाडीत छान ताणलेली दिसणारी चेन खड्ड्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टलाच ओढत राहते. आधी बेअरिंग जातं, मग ऑइल सील गळतं. हे मला कोणीही सांगितलं नव्हतं. मी खड्ड्यांसाठी म्हणून ही गाडी घेतली आणि खड्ड्यातच ती मोडेल अशी व्यवस्था करून ठेवली होती.

त्यानंतर पाना माझ्या हातात दिलात, आणि काका, माझे खरे आभार त्यासाठी आहेत. दहा मिनिटांत तुम्ही स्वतः ते काम केलं असतं. मला दीड तास लागला. एक्सलचा नट सुटेना, तुम्ही शेजारी स्टूलवर बसून नुसते बघत होतात. चेन ताणायचे दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखेच फिरव, चाक फिरवत राहा, चेन जिथे सर्वांत कडक लागेल तिथेच माप घे, आणि माप घेताना गाडी कशी उभी हवी तेही गाडीच्या पुस्तकात बघ. एवढंच बोललात. मिलमध्ये फिटर म्हणून काढलेली सगळी वर्षं त्या चार वाक्यांत होती.

पुढचे रविवार तसेच गेले. चेन धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोल नको, त्याने चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंगचं रबर खराब होतं. तेल नव्वद नंबरचं, तेही चेनच्या आतल्या बाजूने, कारण फिरताना ते आपोआप बाहेर फेकलं जातं. इंजिन चालू ठेवून चेन कधीही पुसायची नाही, हे सांगताना तुमचा आवाज चढला होता. मी का म्हणून विचारलं तेव्हा उजव्या हाताचं अर्धं बोट पुढे केलंत. ती गोष्ट मी शाळेतल्या गाडीवाल्या प्रत्येक मुलाला सांगते.

इंजिन ऑइलच्या डब्यावर ‘जासो एमए’, म्हणजे मोटरसायकलच्या तेलाची खूण, बघायची सवय तुमची. क्लच त्याच तेलात भिजलेला असतो, कारचं तेल घातलं तर तो घसरायला लागतो. ड्रेन बोल्टचा वायसर दर वेळी नवा. आणि एअर फिल्टर बघताना फिल्टरच्या मागच्या बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या नळीत पांढरं फडकं फिरवायचं. फडकं मळलं तर फिल्टर नवा असला तरी कडेने धूळ आत जाते आहे. माळव्यातली उन्हाळ्याची धूळ पिस्टनच्या रिंगांना पॉलिश पेपरसारखी घासते, असं तुम्ही म्हणायचात.

स्पोक तपासायचा दिवस मात्र काकूंचा होता. पान्याने एकेक स्पोक हलकेच वाजवायचा. घट्ट असेल तो टणकन बोलतो, ढिला असेल तो मुका राहतो. मला फरकच कळेना. स्वयंपाकघरातून काकूंनी, तीस वर्षं गाणं शिकवणाऱ्या कानाने, ओरडून सांगितलं, “तो आत्ताचा उतरलाय गं!” खरोखरच त्या स्पोकचा निपल, म्हणजे रिमजवळचा नट, अर्धा ढिला होता. पाव फेराच द्यायचा, एका स्पोकवर जोर काढायचा नाही, नाहीतर रिम आउट, म्हणजे वाकडी, होते. तेव्हापासून मीही ऐकायला शिकले.

सुट्या भागांबद्दल तुमचा नियम एकच, जुना पार्ट कागदात गुंडाळून सोबत न्यायचा. आमच्या, इंजिनात दोन व्हॉल्व्ह असलेल्या एक्सपल्सला चार व्हॉल्व्हवाल्या एक्सपल्सचे सगळे भाग चालत नाहीत. काउंटरवरच्या माणसाच्या आठवणीवर भरवसा ठेवून मी एकदा चकरा मारल्या, पुन्हा नाही. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मी 22,000 किलोमीटरला एकदमच बदलले. मागच्या स्प्रॉकेटचे दात कोयत्यासारखे वाकले होते. त्यावर नवी चेन घातली असती तर तीही लवकरच गेली असती. क्लचची जादा केबल जुन्या केबलला समांतर ओढून, टोकं टेपने बंद करून बांधलेली आहे. तुटली तर फक्त टोकं जोडायची.

गेल्या ऑगस्टची गोष्ट मी तुम्हाला अर्धीच सांगितली होती. जाम गेटहून मंडलेश्वरकडे उतरताना पावसात मागचा टायर बसला. भाचा सोबत होता. ट्यूब बाहेर काढली तर व्हॉल्व्हच्या मुळाशीच फाटलेली, पॅच बसणार नाही अशी. तुमच्या सांगण्यावरून मी जादा ट्यूब एकच ठेवते, पुढच्या 21 इंची चाकाची. अडचणीत तीच मागच्या 18 इंचीतही चालवता येते. थोडी हवा भरून तिला आकार दिला, पावडर लावली, टायर चढवायच्या पट्टीने चिमटू नये म्हणून प्रत्येक वेळी आत बोट फिरवलं. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळला नाही, वर टोपीपाशी ठेवला. टायर रिमवर सरकला तर व्हॉल्व्ह तिरका होऊन आधीच सांगेल, हे तुमचंच. सव्वा तास लागला. हळूहळू महेश्वरला पोचलो, दुसऱ्या दिवशी योग्य मापाची ट्यूब घातली. घाटात त्या सव्वा तासात मला एकदाही कोणाला फोन करावासा वाटला नाही.

आता एक काम उरलं आहे. वहीत लिहिल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात ब्रेक ऑइलला दोन वर्षं होतात. डॉट 4 ची सीलबंद बाटली आणून ठेवली आहे. ते टाकीवर सांडलं तर रंग जातो, म्हणून तुमची ती जुनी चादर लागेल. येत्या रविवारी सात वाजता येते. पोहे मी आणते, काकूंना सांगा चूल पेटवू नका. पाना मीच धरेन, तुम्ही स्टूलवर बसा.

तुमची,
समोरच्या घरातली बेटा