सहा मिनिटं चालून मग सांग

कराड, २६ एप्रिल २०२१

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

दुधाच्या टँकरवरचे मामा पहाटे पुण्याला निघतायत. त्यांच्याबरोबर अळिवाचे लाडू आणि बाळंतशोपा पाठवतेय, वॉचमनकडे ठेवतील. जिल्ह्याबाहेर जायचा ई-पास अजून आला नाही. आला तरी तुला कोरोना झालेला, बाबांची शुगर बघता तुझ्याकडून परत या घरात कशी येऊ, हे कळत नाही.

फोनवर तू ‘बरी आहे गं’ म्हणतेस आणि मधेच श्वास घ्यायला थांबतेस. ते मला ऐकू येतं. बोटाला मशीन लावून ऑक्सिजन किती ते कळव. बसल्या बसल्या नव्हे, खोलीतल्या खोलीत सहा मिनिटं चालून. तीनाहून जास्त उतरला किंवा ९४च्या खाली गेला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच डॉक्टरांना फोन. नखांना ते गडद नेलपॉलिश असेल तर पुसून टाक, मशीन चुकीचं दाखवतं.

बाळाला अंगावर पाजणं थांबवलं नाहीस, फार चांगलं केलंस. सासूबाई काळजीपोटीच वरच्या दुधाचं म्हणाल्या असतील. पण मास्क लावून, हात धुवून पाजत राहा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हे तू त्यांना आवाज न चढवता समजावलंस, जावईबापूंनी सांगितलं. ऊर भरून आला गं. तुझ्या वयात माझी नसती हिंमत झाली.

तू झालीस तो सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेग आला होता, तिथली माणसं गाड्या भरभरून मुंबईकडे येत होती. मी कल्याणला माहेरी. टेट्रासायक्लिनसाठी मेडिकलच्या दुकानांत झुंबड. आजीनं बघायला आलेल्या ताईआत्यांना जिन्यावरूनच परत पाठवलं, आणि त्यांनी आणलेलं झबलं-टोपडं चिमट्यानं धरून उकळत्या पाण्यात सोडलं. पण तुला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना तिच्या तोंडावर रुमाल नसायचा. मी ओरडायचे, ती तेल चोळत राहायची. रात्री माझ्या कपाळावर हात ठेवून बसायची. मला तुझा ताप मोबाइलवरच्या आकड्यातून कळतो, म्हणून त्या आकड्यांच्या मागे लागते.

पालथं झोपल्यानं श्वासाला बरं पडतं म्हणतात, पण टाके ओले आहेत, जोर करू नकोस. कुशीवर झोप. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या औषधांच्या यादीतलं काही मनानं घेऊ नकोस, स्टेरॉइड तर मुळीच नाही. पाणी पी. केस ओले ठेवू नकोस. फोन बघत... जाऊ दे. तुला झोप हवी आणि मी शाळा भरवलीय. रागावू नकोस.

बारशाचं मनाला लावून घेऊ नकोस, सावकाश करू. तोवर ‘ठमी’ म्हणा.

रात्री तिला पाजायला उठशील तेव्हा एकदा बोटाला मशीन लाव. दोन वाजता पाठवलास आकडा तरी चालेल, मी जागीच असते. आणि कमी आला तर लपवू नकोस गं. पास असो-नसो, बाबांना काकूंकडे ठेवून मी निघेन.

जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी,
आई