कोळसा खाणींतील भिंतींचा संगणकीय अभ्यास कामगारांसमोर ठेवावा

प्रति,
माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

भूमिगत कोळसा खाणीत डिपिलरिंगसाठी, म्हणजे आधाराला ठेवलेले कोळशाचे स्तंभ काढण्यासाठी, परवानगी मागताना जे शास्त्रीय अभ्यास सादर होतात, त्यांत आता संगणकीय प्रतिमानाला, म्हणजे संगणकावर उभ्या केलेल्या खाणीच्या गणिती नमुन्याला, मोठे वजन आले आहे. या अभ्यासात छताबरोबर गॅलरीच्या, म्हणजे स्तंभांमधल्या बोगद्याच्या, भिंतींचाही स्वतंत्र विचार बंधनकारक व्हावा आणि त्यातील गृहीतके खाणीच्या पिट सेफ्टी कमिटीसमोर, म्हणजे कामगार व व्यवस्थापन यांच्या सुरक्षा समितीसमोर, उघड केली जावीत, ही माझी मागणी आहे. खाण सुरक्षा महासंचालनालय आपल्या मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, म्हणून हे पत्र कोळसा मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

छत कोसळले की बातमी होते. 6 मार्च 2025 रोजी बैतूल जिल्ह्यातील पाथाखेडा भागात, नागपूरला मुख्यालय असलेल्या वेस्टर्न कोलफील्ड्सच्या छतरपूर-1 खाणीत छत कोसळून तिघांचा जीव गेला. भिंतीचा धोका मात्र संथपणे वाढत जातो. वरच्या खडकाचा भार स्तंभाच्या कडेवर एकवटतो, कोळशातील नैसर्गिक उभ्या भेगा उघडतात आणि थराची उंची जास्त असेल तर भिंतीचे पापुद्रे सुटून मोठे तुकडे पडू लागतात. अशा तुकड्याखाली माणूस सापडतोच. शिवाय स्तंभ बारीक होतो, गॅलरी रुंदावते आणि छताला पेलावे लागणारे अंतर वाढते. बाजू ढासळल्याने अर्धवट आधार गेलेल्या छताला नंतर कितीही बोल्ट मारले, तरी मूळ दुखणे भिंतीतच राहते.

संगणक हे दाखवू शकतो, पण त्याला तसे विचारले तरच. कोळसा एकजिनसी धरला आणि प्रतिमान ज्या तुकड्यांत विभागले जाते त्यांतला सर्वांत लहान तुकडा, म्हणजे घटक, एक मीटरचा ठेवला, तर 30 सेंटिमीटर जाडीचा सुटणारा पापुद्रा त्यात दिसणारच नाही. ताकदीच्या आकड्याचेही तसेच आहे. आपल्याकडे प्रचलित असलेले स्तंभाच्या मजबुतीचे सूत्र 25 मिलिमीटरच्या घनाकार नमुन्यावर मोजलेल्या ताकदीपासून सुरू होते, आणि भेगा नसलेला छोटा नमुना संपूर्ण स्तंभापेक्षा नेहमीच मजबूत भरतो. नमुन्यापासून स्तंभापर्यंत ताकदीत किती घट धरायची, यावर पुढचे सगळे उत्तर अवलंबून असते. म्हणूनच निष्कर्षाच्या रंगीत नकाशापेक्षा गृहीतकांचे पान मला अधिक महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या क्रँडल कॅनियन खाणीत चुकीची गृहीतके किती महाग पडतात ते दिसले. तेथील स्तंभ काढण्याच्या आराखड्याला संगणकीय विश्लेषणाचा आधार होता आणि सरकारी यंत्रणेने त्याला मंजुरीही दिली होती. त्याच खाणीच्या दुसऱ्या भागात मार्च 2007 मध्ये स्तंभ फुटण्याची गंभीर घटना घडून गेली होती, तरीही काम पुढे सुरू राहिले. 6 ऑगस्ट 2007 रोजी स्तंभ एकापाठोपाठ एक फुटले आणि सहा कामगार आत अडकले. त्यांचे मृतदेह आजही खाणीतच आहेत. दहा दिवसांनी बचावकार्यात भिंत फुटून आणखी तिघे गेले. 2008 च्या चौकशी अहवालाने विश्लेषणात चुकीची मूल्ये वापरल्याचे, स्तंभांची ताकद वाजवीपेक्षा जास्त धरल्याचे नोंदवले. संगणकाने त्याला दिलेल्या आकड्यांचेच उत्तर दिले होते. ते आकडे तपासण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांनी ते वेळीच तपासले नाहीत.

2030 पर्यंत भूमिगत खाणींतून 10 कोटी टन कोळसा काढण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी कंटिन्युअस मायनर, म्हणजे स्फोट न करता कोळसा सलग कापणारी, यंत्रे वाढतील आणि गॅलऱ्या रुंद व उंच होतील. गॅलरीची रुंदी आणि खोली पाहून स्तंभाचे माप सांगणारा कोळसा खाण नियमावलीतला तक्ता कोळशाची ताकद किंवा भेगांची दिशा विचारात घेत नाही, त्यामुळे प्रतिमानावरची भिस्त आणखी वाढणार आहे.

म्हणून परवानगीच्या अटींतच असे लिहिले जावे की, कोळशाची ताकद, भेगांची दिशा, घटकाचा आकार आणि गोफवरचा, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळ भागावरचा, भार यांची गृहीत मूल्ये मराठीत व हिंदीत, ओव्हरमन (पाळीचा पर्यवेक्षक) आणि वर्कमन इन्स्पेक्टर (कामगारांच्या वतीने तपासणी करणारा) यांना वाचता येतील अशा स्वरूपात, पिट सेफ्टी कमिटीला दिली जातील. भिंत किती सरकेल याचा अंदाज काम सुरू होण्याआधी लेखी नोंदवावा, भिंतीत बसवलेल्या उपकरणांच्या नोंदी दर आठवड्याला त्याच्याशी ताडून पाहाव्यात आणि फरक ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की परवानगी आपोआप स्थगित व्हावी. मूळ अभ्यास करणाऱ्या संस्थेऐवजी दुसऱ्या संस्थेकडून फेरतपासणी झाल्यावरच ती पुन्हा द्यावी. यासाठी लागणारी बहुतेक उपकरणे आणि तज्ज्ञ देशात आहेत, आणि परवानगीची अट घालण्याचा अधिकार महासंचालनालयाकडे आजही आहे.

आपला विश्वासू,
खाण अभियांत्रिकीचा एक निवृत्त अध्यापक,
नागपूर